गाव टिकवायच्या योजनेला लोक ‘हो’ म्हणतात, म्हणजे नेमकं कशाला?

पायवाट

नमस्कार. एम.ए.च्या प्रबंधासाठी प्रश्नावली तयार करतेय. खेडी रिकामी होऊ नयेत म्हणून सरकारं ज्या योजना आणतात, त्यांबद्दल सामान्य माणसाला काय वाटतं, हा विषय. पायलट सर्व्हेत पहिला प्रश्न होता, ‘खेडी ओस पडू नयेत म्हणून सरकारने खर्च करावा का?’ झाडून सगळे हो म्हणाले, अख्खा जन्म शहरात गेलेलेही. दुसरा प्रश्न, ‘त्यासाठी तुमच्या भागातल्या सोयींवरचा खर्च कमी केला तर चालेल का?’ इथे पेनं थांबली. एका गृहस्थांनी ‘हो’वर खूण केली, ती खोडून ‘नाही’वर केली, मग तीही खोडली आणि कागद तसाच परत दिला.

आणखी एक गोष्ट मनातून जात नाही. एका छोट्या वस्तीत दारात बसलेल्या आजींना मी विचारलं, "गाव ओस पडतंय, त्याबद्दल तुम्हाला काय वाटतं?" त्यांनी मान वर करून पाहिलं आणि म्हणाल्या, "ओस कुठं? मी आहे की." मला पुढचा प्रश्न वाचवेना.

पहिला प्रश्न काढून टाकू का? आणि बाहेरून माणसं आणणं, शाळा-दवाखाना टिकवणं, उरलेल्यांना दुसरीकडे हलवणं, हे सगळं मी एकाच ‘योजना’ शब्दात कोंबलंय, ते चुकतंय का?

आडवाट

काढू नका. गावाची ओढ आहे, हेही उत्तरच आहे. निम्म्या लोकांना दोन्ही प्रश्न उलट क्रमाने विचारून बघा, फरक दिसेल.

वहीपेन

मी बरीच वर्षं घरोघर जाऊन सर्वेक्षणं केली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ताई, ‘योजना’ हा शब्द फोडाच. स्वित्झर्लंडमधलं आल्बिनेन घ्या. जेमतेम अडीचशे वस्तीचं डोंगरातलं गाव, मुलं कमी होऊन शाळाही बंद झालेली. नोव्हेंबर २०१७मध्ये गावसभेने ठराव केला की ४५ वर्षांखालचं जे कुटुंब इथे राहायला येईल, त्याला मोठ्या माणसामागे २५ हजार फ्रँक आणि मुलामागे १० हजार द्यायचे. अट अशी की किमान दोन लाख फ्रँकचं घर हवं आणि दहा वर्षांच्या आत सोडून गेलात तर पैसे परत. मतदान झालं आणि ठराव बहुमताने मंजूर झाला. बातमी मात्र जगभर ‘गाव पैसे वाटतंय’ अशी गेली, आणि अटी न वाचताच परदेशातून लोकांची विचारणा सुरू झाली. म्हणजे योजना एकच, पण गावकऱ्यांच्या डोळ्यांसमोर शाळा होती आणि बाहेरच्यांच्या डोळ्यांसमोर रक्कम. तुमच्या प्रश्नावलीत ही दोन माणसं वेगळी दिसणार आहेत का?

आता दुसरं टोक. कॅनडाच्या न्यूफाउंडलंडमध्ये १९५४ ते १९७५ या काळात किनाऱ्यावरच्या शेकडो वस्त्या हलवल्या गेल्या. काही कुटुंबांनी राहतं घर पाण्यावर तरंगवत ओढून नेलं, त्याचे फोटो आजही पाहायला मिळतात. त्या आठवणीमुळे नंतरचा नियम कडक झाला, तेव्हा वस्तीतल्या ९० टक्के लोकांनी मतदान करून हो म्हटलं तरच स्थलांतराचे पैसे मिळायचे. लिटल बे आयलंड्स या बेटावरच्या मतदानात होकार पडला ८९.४७ टक्के. अर्ध्या टक्क्याने अडलं! ज्यांना जायचं होतं ते आणि ज्यांना राहायचं होतं ते, दोघांनाही पुढची काही वर्षं त्याच गल्लीतून ये-जा करायची होती. २०१९मध्ये पुन्हा मतदान झालं, तेव्हा सगळे हो म्हणाले, आणि ३१ डिसेंबर २०१९ला बेटाची वीज आणि फेरीबोट बंद झाली. तरीही एक जोडपं सौरऊर्जेवर तिथेच राहिलं.

या ‘हो’त किती समाधान होतं आणि किती थकवा, हे आकड्यावरून कळत नाही. मला ही गोष्ट फार लागते. म्हणून माझं कळकळीचं सांगणं, ‘हो/नाही’खाली दोन ओळी कोऱ्या सोडा आणि ‘का?’ एवढंच छापा. मोजायला जिकिरीचं जाईल, पण सोडाच.

निशिगंध

वहीपेन यांच्याशी सहमत, एक भर घालते. बाई काय म्हणते ते वेगळं नोंदवा. जपान सरकारने २०२४मध्ये, लग्न करून टोकियोतून बाहेरगावी जाणाऱ्या महिलांना सहा लाख येनपर्यंत द्यायचा विचार केला होता. इतकी टीका झाली की त्याच ऑगस्टमध्ये तो मागे घ्यावा लागला. तरुण मुली गाव का सोडतात, हे आधी विचारायला नको का? काम, शिकायची संधी, घरात-गावात मिळणारी वागणूक. पैशाने यातलं काय बदलणार होतं?

शब्दांबद्दलही. ३१ मार्च २०१९ला माद्रिदमध्ये खेड्यापाड्यांतून आलेल्या लोकांचा प्रचंड मोर्चा निघाला. त्यांनी ‘रिकामा स्पेन’ म्हटलं नाही, ‘रिकामा केलेला स्पेन’ म्हटलं. मागणं होतं रेल्वे, डॉक्टर, रस्ते, इंटरनेट यांचं. त्यातल्या एका प्रांताच्या चळवळीचं नावच ‘तेरुएल आहे’ असं, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरच्या निवडणुकीत त्यांचा एक प्रतिनिधी संसदेत गेला. तुमच्या आजी याहून वेगळं काय म्हणाल्या?

पायवाट

निशिगंध, ‘तेरुएल आहे’ वाचून अंगावर काटा आला.

प्रश्न फोडले. नव्यांना आणणं, सोयी टिकवणं, वस्ती हलवणं, तिन्हींसाठी स्वतंत्र पान, आणि प्रत्येकाखाली ‘का?’ व दोन कोऱ्या ओळी. मार्गदर्शक म्हणतील विश्लेषण वाढेल, वाढू दे. पहिला प्रश्न ठेवला, पण निम्म्या प्रतींत शेवटी टाकला. ‘ओस’ शब्द मात्र सगळीकडून काढला.

येत्या रविवारी त्या आजींकडे परत जातेय. सुरुवात ‘इथून दवाखाना किती लांब पडतो?’ या प्रश्नाने करीन. वहीपेन, उत्तर लांबलं तर मध्ये थांबवायचं नाही ना?

वहीपेन

अजिबात नाही. पेन खाली ठेवून ऐका, लिहायचं ते बाहेर आल्यावर.