मदत हवी: प्रश्न जसाच्या तसा वाचायचा की समजावून सांगायचा?

नमस्कार. केज-धारूर भागात ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या आरोग्याचं सर्वेक्षण चालू आहे. फॉर्म भरणाऱ्या मुलींवर देखरेख माझी. दिवाळीनंतर टोळ्या कारखान्यांकडे निघतील, त्याआधी काम उरकायचंय, म्हणून जाणत्यांनी लवकर सांगावं.

फॉर्मात प्रश्न आहे, 'मागच्या हंगामात आजारपणामुळे किती दिवस काम बुडालं?' काल एक बाई म्हणाली, 'एकबी नाही.' मुलीने शून्य लिहिलं. बाई मात्र बोलतच होती, 'खाडा पडला की मुकादम पैसे कापतो. ताप असला तरी फडात जावंच लागतं.' शून्य खरं आहे, पण वाचणारा तिला धडधाकट समजणार! दुसरी मुलगी आपणहून विचारते, 'आठ-दहा दिवस तरी गेले असतील ना?' मग तिच्या फॉर्मांवर आठ-दहाच येतात. तिला थांबवलंय. पण पहिलीने काय करायचं? प्रशिक्षणात तर शब्दही बदलायचा नाही असं शिकवलंय.

शिवाय सुनेशी बोलताना सासूबाई जवळून उठत नाहीत. गर्भपिशवीच्या ऑपरेशनचं विचारलं की सुनेआधी त्याच बोलतात.

प्रतिसाद:
ताई, शब्द बदलू देऊ नका. प्रत्येकीला वेगळा प्रश्न गेला तर उत्तरांची तुलना कशी करणार? खोदून विचारायला हरकत नाही, फक्त उत्तर सुचवायचं नाही. प्रश्न पुन्हा वाचायचा, 'अजून काही सांगाल?' म्हणायचं, बाईचं वाक्य शेऱ्यात तिच्याच शब्दांत लिहायचं. पण इथे मुलगी चुकली नाही, प्रश्न अपुरा आहे. 'आजारी असताना कामावर गेलात का?' हा प्रश्न छापून घ्या आणि सगळ्यांना विचारा. झालेल्या घरी परत जावं लागेल, त्याला इलाज नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात घरगुती हिंसेचे प्रश्न घरातल्या एकाच बाईला आणि एकांत असेल तरच विचारतात, नाहीतर तो भाग सोडतात. ऑपरेशनच्या प्रश्नाला तुम्हीही तसं करा. दोघींना जोडीने पाठवा, एकीने सासूबाईंसोबत घरातल्या माणसांची यादी भरत बसावं.

आणि एकेक गाव एकेकीला देऊ नका, फरक गावाचा की मुलीचा ते कळत नाही. संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस एकाच भागातले स्वतंत्र नमुने वेगवेगळ्या सर्वेक्षकांना देऊन हेच पडताळायचे. प्रत्येक गावातली घरं चिठ्ठ्या टाकून दोघींत वाटा.

मुलींना पैसे फॉर्ममागे देता की दिवसाप्रमाणे? फॉर्ममागे असतील तर आधी ते बदला, घाईचं मूळ तिथेच असतं.