नट गेला म्हणून पात्रालाही सरणावर चढवायचे का?

आडपडदा (धागाकर्ता)

'अभिनेता गेला की त्याचे पात्रही त्याच्याबरोबर गेले पाहिजे. त्या जागी दुसऱ्याला उभे करणे ही विटंबना आहे,' असे विधान काल 'एकनिष्ठ' यांनी टीचालाच्या, म्हणजे चित्रपटांतील वकांडा देशाचा राजा आणि 'ब्लॅक पँथर' हा महानायक याच्या, संदर्भात केले आणि त्यावर माना डोलावणाऱ्यांची रांग लागली. दोन ओळींत उत्तर देऊन मोकळे होता आले असते, परंतु हा युक्तिवाद दर वेळी केवळ भावनेच्या जोरावर पुढे रेटला जातो, म्हणून सविस्तर लिहितो.

टीचाला साकारणारा चॅडविक बोसमन 28 ऑगस्ट 2020 रोजी गेला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस मार्व्हल या निर्मितीसंस्थेने ही भूमिका दुसऱ्या कोणालाही दिली जाणार नसल्याचे जाहीर केले. नोव्हेंबर 2022 मध्ये आलेल्या 'वकांडा फॉरेव्हर' या पुढच्या भागात टीचाला पडद्याबाहेरच आजाराने मरतो आणि पुढे त्याची बहीण शुरी ब्लॅक पँथर होते. त्या चित्रपटातील शोक खरा आहे, हे मी नाकारत नाही. मात्र त्याची किंमत पात्राला मोजावी लागली. 1966 पासून चित्रकथांमध्ये राज्य करत आलेला राजा, ज्याला अनेक चित्रकारांनी आणि लेखकांनी आपापल्या परीने घडवले, तो पडद्यावर एकाच देहाला कायमचा जखडला गेला.

याउलट हॅरी पॉटरच्या चित्रपटांतील शाळेचा मुख्याध्यापक डंबलडोर पाहा. ती भूमिका करणारा रिचर्ड हॅरिस ऑक्टोबर 2002 मध्ये वारला आणि 2004 च्या तिसऱ्या भागात मायकेल गॅम्बन तीच दाढी लावून उभा राहिला. कोणी स्पष्टीकरण दिले नाही आणि शाळाही बंद पडली नाही. आठपैकी सहा चित्रपट गॅम्बनचे आहेत आणि एका अख्ख्या पिढीचा डंबलडोर तोच आहे. यात हॅरिसची कोणती अप्रतिष्ठा झाली?

खरी विटंबना पाहायची असेल तर 2016 च्या 'रोग वन' या 'स्टार वॉर्स' चित्रपटात पाहावी. पूर्वी टार्किन हे पात्र करणारा पीटर कुशिंग 1994 मध्ये वारला होता. गाय हेन्री या जिवंत नटाने टार्किनची भूमिका केली आणि संगणकाने त्याच्या चेहऱ्यावर कुशिंगचा चेहरा चढवला. वारसांची परवानगी होती, हे ठाऊक आहे. तरीही जो नट घाम गाळून काम करतो त्याचा चेहरा पुसायचा आणि जो हयात नाही त्याला कामाला जुंपायचे, या प्रकारापेक्षा नव्या नटाला उघडपणे भूमिका देणे शतपटीने सभ्य आहे.

एकनिष्ठ

माझे विधान अर्धेच उद्धृत केल्याबद्दल आभार. मी 'प्रत्येक पात्र' असे म्हटले नव्हते. काही भूमिका वेशभूषेवर उभ्या असतात आणि काही माणसावर. डंबलडोर पांढऱ्या दाढीमागे होता, त्यामुळे आपले उदाहरण सोयीचे आहे. बोसमन कर्करोगाचे उपचार घेत असताना ती भूमिका करत होता आणि बाहेर जवळजवळ कोणालाच त्याची कल्पना नव्हती. ते कळल्यानंतर त्या भूमिकेकडे 'पद रिक्त आहे' अशा नजरेने मला पाहता येत नाही. आपल्याला येत असेल तर आपले अभिनंदन.

कातरकाम

धागाकर्त्यांनी दोनच वाटा दाखवल्या आहेत, एक नव्या नटाची आणि दुसरी संगणकाच्या मुखवट्याची, आणि तिसरी वाट सोयीस्करपणे वगळली आहे. 'स्टार वॉर्स'मध्ये लियाची भूमिका करणारी कॅरी फिशर 27 डिसेंबर 2016 रोजी गेली. तिची डिजिटल प्रतिकृती करण्याचा विचार नसल्याचे निर्मितीसंस्था लुकासफिल्मने काही आठवड्यांतच जाहीर केले. 2019 च्या शेवटच्या भागात लिया दिसते ती 2015 च्या चित्रपटासाठी चित्रित होऊन न वापरलेल्या तुकड्यांमधून. चेहरा तिचाच आहे. केस, वेश आणि भोवतीचा परिसर नव्याने बसवला आहे, आणि समोरच्या नटांचे संवाद तिच्या उपलब्ध वाक्यांना जुळतील असे लिहिले आहेत.

मी संकलक आहे, म्हणून हे काम आतून सांगू शकतो. एका मालिकेत वडिलांची भूमिका करणारे ज्येष्ठ नट चित्रीकरण अर्धवट असतानाच गेले. आम्ही त्यांचे उरलेसुरले सगळे तुकडे काढले, अगदी 'कट' म्हटल्यानंतर कॅमेरा चालू राहिला होता तेही. एका ठिकाणी दृश्य संपल्यावर त्यांनी दिग्दर्शकाकडे पाहून 'झालं ना?' अशा अर्थाने भुवया उंचावून मान हलवली होती. मुलगी घर सोडून जाण्याची परवानगी मागते, त्या प्रसंगात बापाचा होकार म्हणून तो तुकडा लावला. प्रसारणानंतर त्यांच्या पत्नीने फोन करून सांगितले की, हे घरी अगदी असाच होकार देत असत. आता याला आपण मुखवटा म्हणणार का?

आडपडदा (धागाकर्ता)

मुखवटा म्हणणार नाही, उसनवारी म्हणेन. ज्या प्रश्नाला त्या नटाने होकार दिला तो प्रश्न त्याला कोणी विचारलाच नव्हता. लियाच्या बाबतीतही मला हेच खटकते. समोरची पोर पोटतिडकीने बोलते आहे आणि लिया मात्र दुसऱ्याच कुठल्या तरी संभाषणातली उत्तरे देते आहे, असे संपूर्ण वेळ वाटत राहते. तुमचे कौशल्य मान्य. परंतु कौशल्याने केलेली गोष्ट तेवढ्यानेच योग्य ठरत नाही.

तिसरी घंटा

चित्रपटवाल्यांचा हा सारा गोंधळ रंगभूमीने केव्हाच सोडवला आहे. 'नटसम्राट' 1970 मध्ये डॉ. श्रीराम लागूंनी उभे केले. पुढे दत्ता भट आणि सतीश दुभाषी यांनीही बेलवलकर साकारले. प्रेक्षक तुलना करत, भांडत, आणि तरीही तिकीट काढून येत. भूमिका वारशाने चालत आली पाहिजे, हेच तिचे मोठेपण.

आमच्या हौशी संघातील मित्र गेल्यावर त्याची भूमिका मी केली. कोट त्याचाच होता आणि बाह्या मला आखूड पडत होत्या. दुसऱ्या अंकात तो ज्या जागी थांबून टाळी घेत असे, तिथे मी ठरवून थांबलो नाही, पण प्रेक्षकांनी टाळी दिलीच. ती त्याला होती. मला त्यात काहीही अपमानास्पद वाटले नाही.

एकनिष्ठ

प्रसंग हृद्य आहे, पण दाखला फसवा आहे. भट आणि दुभाषी बेलवलकर करत होते तेव्हा डॉ. लागू हयात होते. 2019 पर्यंत होते. तो मृत्यूनंतरचा प्रश्नच नव्हता. शिवाय नाटकाचा प्रयोग रोज नव्याने जन्मतो, तर चित्रपटातला चेहरा गोठलेला असतो आणि नवा नट त्या गोठलेल्या चेहऱ्याशेजारी कायमचा उभा राहतो. रंगभूमीचा विषय निघाला की इतर सर्व कला अडाणी ठरवण्याची आपली सवय जुनीच आहे.

खर्ज

इतका वेळ सगळे चेहऱ्याविषयी बोलत आहेत आणि आवाजाचा कोणी उल्लेखही केलेला नाही, याचे मला मुळीच आश्चर्य वाटत नाही, कारण आवाज ही चोरण्याजोगी वस्तू आहे असे या व्यवसायात कोणी मानतच नाही. कन्नड नट पुनीत राजकुमार ऑक्टोबर 2021 मध्ये गेले. मार्च 2022 मध्ये 'जेम्स' प्रदर्शित झाला तेव्हा त्यांच्या भूमिकेला आवाज त्यांचे बंधू शिवराजकुमार यांनी दिला होता. काही आठवड्यांनी तोच चित्रपट, तंत्रज्ञानाने घडवलेल्या पुनीत यांच्या आवाजात पुन्हा आणला गेला. भावाचा आवाज काढून यंत्राचा बसवला, आणि लोकांनी आनंदाने स्वागत केले.

मी ध्वनिमुद्रणात आयुष्य काढले आहे. एका दिवंगत नटाचे उरलेले संवाद मी पूर्ण केले आहेत. ते 'स'ने सुरू होणाऱ्या प्रत्येक वाक्याआधी नाकाने छोटा श्वास घेत. तो श्वास जमेपर्यंत मी एकही वाक्य मुद्रित होऊ दिले नाही. श्रेयनामावलीत माझे नाव आभारांमध्ये, वाहनचालकांच्या खाली आले, आणि हा आवाज माझा आहे हे बाहेर बोलायचे नाही असे बजावण्यात आले. उद्या तेवढ्यासाठीही मला बोलावणार नाहीत.

कातरकाम

खर्ज, आपल्यावर अन्याय झाला हे खरे. परंतु आपले दुःख मानधनाचे आणि श्रेयाचे आहे, त्याला तत्त्वाचा साज चढवू नये. प्रेक्षकाला पुनीत यांचाच आवाज हवा होता. त्याने तो का मागू नये?

खर्ज

मानधनाचे दुःख तत्त्वात बसत नाही, हे ज्याचे मानधन वेळेवर होते तोच सांगू शकतो. आपण ज्या तुकड्यांवर कात्री चालवता, त्यांतील नटाने निदान ते हावभाव स्वतः केले होते. यंत्राने घडवलेले वाक्य तर त्याने उच्चारलेलेच नाही! 'व्हॉट इफ' या मार्व्हलच्या अॅनिमेशन मालिकेत टीचालाला बोसमनचा आवाज आहे आणि ती 2021 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, प्रदर्शित झाली. पण ते संवाद त्याने जिवंतपणी मुद्रित केले होते, म्हणून ऐकताना गळा दाटून येतो. हा फरक संकलकाला समजावून सांगावा लागतो, याचे वाईट वाटते.

कातरकाम

फरक समजतो. ऐकणाऱ्याला तो समजत नाही, एवढेच म्हणत होतो. असो.

दुसरी बाजू

आवाज की चेहरा, हा वाद रंगतदार आहे, पण दोहोंवर हक्क कोणाचा हे कोणी विचारले नाही. कॅलिफोर्नियात नाव, आवाज आणि प्रतिमा यांवरील हक्क मृत्यूनंतर 70 वर्षे वारसांकडे राहतो. अमेरिकी नट रॉबिन विल्यम्सने मृत्यूआधीच व्यवस्था करून आपली प्रतिमा 2039 पर्यंत वापरण्यावर निर्बंध घातले. आपल्याकडे मात्र सुशांतसिंह राजपूत यांच्या वडिलांचा अर्ज फेटाळताना दिल्ली उच्च न्यायालयाने 2023 मध्ये अशी भूमिका घेतली की, हे हक्क व्यक्तीबरोबरच संपतात, वारसांना मिळत नाहीत. म्हणजे ज्यांच्या परवानगीचा इथे एवढा गवगवा चालला आहे, त्यांनी नकार दिला तर त्या नकाराला कितपत वजन राहील, हे प्रत्येकाने ठरवावे. माझ्या मते नटाने करार करतानाच लिहून द्यावे: माझ्यामागे भूमिका दुसऱ्याला द्या, किंवा देऊ नका.

तिसरी घंटा

नवोदित नटाने पहिल्या करारात स्वतःच्या मृत्यूची अट घालावी! निर्माता त्याला दारातूनच परत पाठवेल. वकिलांना हे कधी कळणार?

आडपडदा (धागाकर्ता)

धागा आवाजाकडे गेला तो जाऊ दे, त्यातून माझेच म्हणणे बळकट झाले. 'एकनिष्ठ' यांना एक उदाहरण देतो, ज्यात दाढी नाही. ऋषी कपूर एप्रिल 2020 मध्ये गेले. 'शर्माजी नमकीन'मधील त्यांची भूमिका परेश रावल यांनी पूर्ण केली. 2022 मध्ये आलेल्या त्या चित्रपटात एकाच माणसाच्या भूमिकेत दोघेही दिसतात, एका दृश्यात हे आणि पुढच्यात ते, आणि रणबीर कपूर सुरुवातीलाच तसे सांगून टाकतो. ना मुखवटा, ना उसना होकार, ना कथेत घुसडलेला मृत्यू. दहा मिनिटांत डोळ्यांना सवय होते.

एकनिष्ठ

दहा नव्हे, अर्धा तास लागला. पण झाली सवय, हे नाइलाजाने मान्य करतो. तो चित्रपट संपूर्ण परेश रावल यांच्याकडून नव्याने करून घेतला असता तर मला राग आला असता. ऋषी कपूर यांचे काम जसेच्या तसे ठेवले, म्हणून चालले. तेव्हा शर्माजी आपले, डंबलडोरही घ्या. टीचाला मिळणार नाही.

आडपडदा (धागाकर्ता)

औदार्याबद्दल ऋणी आहे. मात्र 'वकांडा फॉरेव्हर'च्या शेवटी टीचालाचा लहान मुलगा दाखवला आहे आणि त्याचे खरे नावही टीचालाच असल्याचे तो स्वतः सांगतो. तो मोठा होईल तेव्हा ते नाव आणि ती गादी कोणा तरी नटाला द्यावीच लागेल, आणि ही सोय आपण डोक्यावर घेतलेल्या त्याच चित्रपटाने करून ठेवली आहे.

एकनिष्ठ

तो मुलगा आहे, तो नव्हे.