नाझ निकालाच्या आधीपासून
कुणीतरी म्हटलंय की आपल्याकडे समलैंगिकांची चळवळ २००९ च्या नाझ निकालापासून (दिल्ली हायकोर्टाने प्रौढांमधले संमतीचे समलैंगिक संबंध गुन्हा नाहीत म्हटलं तो), म्हणजे कोर्टातूनच सुरू झाली. अजिबात पटलं नाही. दिल्लीत कॅनॉट प्लेसच्या सेंट्रल पार्कमधून पोलिसांनी समलैंगिक असल्याच्या संशयावरून पुरुषांना उचललं, त्यावर एड्स भेदभाव विरोधी आंदोलन या संघटनेच्या लोकांनी ११ ऑगस्ट १९९२ ला थेट पोलीस मुख्यालयासमोर निदर्शनं केली, आणि तिहार जेलमध्ये कैद्यांना कंडोम नाकारले तेव्हा १९९४ मध्ये समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ विरुद्ध याचिका टाकली तीही यांनीच. ती पुढे बारगळली, पण वाट त्यांनी पाडली ना!

आणि २ जुलै १९९९ ला कोलकात्यात पहिली प्राइड, म्हणजे समलैंगिकांची पदयात्रा, निघाली तेव्हा माणसं किती, तर १५, पिवळे टी-शर्ट घालून. हजारोंच्या गर्दीत चेहरा लपून जातो हो, पंधरा जणांत कुठे लपवणार?