गुमास्ता (दुकानाचं लायसन्स) ऑनलाईन काढलाय का कुणी? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, माझ्या वहिनीने ऐरोलीत पोळीभाजी केंद्र सुरू केलंय, ती आणि मदतीला एक ताई, बस एवढंच. आता बँकेत करंट अकाउंटला गुमास्ता मागतायत आणि एजंट म्हणतो तीन हजार लागतील. मी वाचलं की महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने कायद्याने एवढ्या छोट्या दुकानाला लायसन्स नाही, नुसती ऑनलाईन सूचना द्यायची आणि पावती घ्यायची, मग हे पैसे कसले? उद्यम नोंदणी (छोट्या धंद्यांची केंद्र सरकारकडची नोंदणी) तर मी घरी बसून फुकट केली तिची. पण जागा भाड्याची आहे, अ‍ॅग्रीमेंट सासऱ्यांच्या नावावर, तिथेच अडलंय. संमतीपत्र चालतं का? आणि ती पावती बँकेने घेतली का तुमची? प्लीज सांगा, पहाटे पाचपासून राबते हो ती.