शेलिनला ‘सौंदर्यदेवता’ म्हणावं की ‘साजरी’?

विचारणा : गावातली आम्ही काही पोरं मिळून ‘पाथफाइंडर’ हा एकेक पात्र घेऊन गोष्ट रंगवायचा खेळ मराठीतून खेळतो. गोष्ट सांगायचं काम माझ्याकडे आहे. त्यातल्या गोलारियन या जगात शेलिन नावाची देवी आहे. कला, सौंदर्य, प्रेम आणि संगीत तिच्याकडे. रंगीबेरंगी शेपटीचा गाणारा पक्षी हे तिचं चिन्ह. मी ‘सौंदर्यदेवता’ म्हणतो, पण खेळताना तो शब्द जिभेवर बसत नाही. एक जण म्हणतो, ‘रती’ म्हण. चालेल का, भाऊ?

उत्तर : ‘रती’ नको. रती म्हटलं की मदन आला, शृंगार आला. आणि गोलारियनमध्ये वासनेचं खातं कॅलिस्ट्रिया या दुसऱ्या देवीकडे आहे. शेलिनचं प्रेम फार वेगळं. तिचा सावत्र भाऊ दू-ब्राल आधी तिच्यासोबत याच गोष्टींचा देव होता. तो जगापलीकडे निघून गेला आणि परतला तो झोन-कुथॉन होऊन, यातनेचा अन् अंधाराचा देव. त्याचं लांब दांड्याचं शस्त्र तिनं काढून घेतलं, आज ती तेच वागवते. तरी भाऊ कधीतरी ताळ्यावर येईल ही आशा तिनं सोडलेली नाही. अशा बहिणीला ‘रती’ कसं म्हणायचं?

माझं मत ‘साजरी’ला. आपल्या वऱ्हाडीत पोरगी साजरी असते, भाजी साजरी होते, अन् ‘साजरं बोल’ असं माय लेकराला सांगते. पोळ्याला म्हातारा गडी बैलाची शिंगं रंगवतो, बेगड लावतो, झूल सारखी करतो, दोन पावलं मागं सरून पाहतो आणि पाठीवर थाप मारतो, “साजरा दिसते राजा!” त्यात बैलाचं रूप आलं, म्हाताऱ्याच्या हातचं काम आलं अन् त्याचा बैलावरचा जीवही आला. शेलिनचे नियमही असेच आहेत. भक्तानं एखादी कला धरून तिच्यात हात बसवायचा. जीव वाचवायला किंवा त्याहून थोर कला घडवायला लागलं तरच कलाकृती मोडू द्यायची, एरवी नाही. आणि शत्रू शरण आला तर त्याला नाकारायचं नाही. शरण आलेल्याला अभय दिलं, तर ‘सुंदर केलं’ असं कोणी म्हणत नाही. ‘साजरं केलं’ मात्र सहज तोंडी येतं.

हरकत : दादा, शब्द गोड आहे. पण पुण्या-साताऱ्याकडचा वाचक ‘साजरी’ वाचून दिवाळी साजरी करायला निघेल. शिवाय आमच्याकडे ‘साजरं’ नुसतं ‘बरं’ या अर्थानंही चालतं. देवीला ते हलकं पडतं.

उत्तर : पहिली हरकत मान्य, ताई. लिहिताना ‘साजिरी’ करा; ‘साजिरी-गोजिरी’ सगळीकडे कळतं. दुसरी मला पटत नाही. रोज तोंडात असलेला शब्द देवीला हलका पडत नाही. गावातल्या देवीला आपण ‘माय’च म्हणतो. खेळातल्या पात्राच्या तोंडी ‘साजरी माय’ खुशाल घाला.

प्रेमासाठी मात्र ‘माया’ टाळा. शब्द आपला आहे, ऊबही आहे, पण या खेळात भ्रम पाडणारे मंत्र आहेत. ‘मायेची देवी’ ऐकून पोरं तिला मायावी समजतील, आणि तिच्या खऱ्या प्रेमाचा सारा अर्थ उलटा होईल. ‘जीव लावणारी’ म्हणा. भावाच्या गोष्टीला तेच शोभतं.