‘पूर्वेलाच घर बघा’ या सल्ल्याला एक सविस्तर उत्तर

अंगणवेल

जानेवारीत पुण्याहून मेलबर्नला येणाऱ्या एका सदस्याने गेल्या आठवड्यात विचारले होते की, मुलगी बारा वर्षांची आणि मुलगा सात वर्षांचा असताना शाळेच्या दृष्टीने कोणत्या उपनगरात घर पाहावे. त्यावर गिरिस्थान यांनी लिहिले, “शहराच्या पूर्वेला ग्लेन वेव्हर्ली, बाल्विन किंवा मॅकिननच्या शाळेच्या झोनमध्ये (प्रवेशाच्या हद्दीत) मिळेल ते घर भाड्याने घ्या. पश्चिमेला मोठे घर घेणाऱ्यांनी चार खोल्यांसाठी मुलांच्या शाळेचा बळी दिला आहे.” हे दुसरे वाक्य चार दिवस माझ्या डोक्यातून गेले नाही, म्हणून स्वतंत्र धागा काढते आहे.

मी नऊ वर्षे पश्चिमेच्या टार्नीटमध्ये राहते. माझी दोन्ही मुले इथल्या सरकारी शाळेत शिकतात. पूर्वेच्या शाळा वाईट आहेत असे मी म्हणणार नाही, कारण त्या चांगल्याच आहेत. माझा आक्षेप आहे तो शाळा ‘चांगली’ हे ठरवण्याच्या पद्धतीवर. आपण भारतात बसून मायस्कूल या शाळांची माहिती देणाऱ्या सरकारी संकेतस्थळाचे पान उघडतो, तिसरी, पाचवी, सातवी आणि नववीच्या नॅपलॅन या राष्ट्रीय चाचणीचे रंगीत तक्ते पाहतो आणि क्रमवारी लावतो. त्याच पानावर आयसीएसईए नावाचा जो आकडा दिलेला असतो, ज्याची सरासरी १००० धरलेली आहे, तो शाळेतल्या शिकवण्याविषयी काहीही सांगत नाही. तो मुख्यतः पालकांचे शिक्षण आणि व्यवसाय यांवरून काढलेला असतो. डॉक्टर आणि इंजिनिअरांची मुले जिथे जमतात तिथे गुण जास्त दिसणारच. त्यात शिक्षकांचे श्रेय किती आणि घराचे किती, हे समजण्यासाठी त्याच पानावर समान पार्श्वभूमीच्या विद्यार्थ्यांशी केलेली तुलना दिलेली आहे. आपल्यापैकी किती जण तिथपर्यंत पान खाली सरकवतात?

माझ्या मोठ्याची दुसरीची वर्गखोली म्हणजे आवारात आणून ठेवलेली पोर्टेबल खोली होती. पहिल्या दिवशी ती पत्र्याची पेटी पाहून मला रडू आले होते. त्याच खोलीतल्या बाईंनी त्याच्या वाचनाच्या पिशवीतल्या वहीत वर्षभर रोज एक ओळ लिहिली. त्याला ‘थ’ आणि ‘ट’ मधला फरक इंग्रजी वाचताना ऐकू येत नाही, हे मला घरी कळले नव्हते. ते त्यांनी तिसऱ्या आठवड्यात लिहून कळवले. कोणत्याही क्रमवारीत ही ओळ सापडत नाही.

आणि मी साडेपाचला घरी असते, म्हणून ती वही रोज उघडली जाते. गृहकर्जासाठी किंवा झोनच्या भाड्यासाठी दोघांनी रात्री आठपर्यंत राबायचे असेल, तर उत्तम शाळेतून आलेली पिशवीही दाराशीच पडून राहते. नव्याने येणाऱ्या कुटुंबाने आधी हा हिशोब करावा, एवढेच मला सांगायचे आहे.

गिरिस्थान

माझे वाक्य कठोर होते, हे मान्य. भूमिका मात्र बदलत नाही, कारण ती मी स्वतः सोसून शिकलो आहे.

आम्ही आलो तेव्हा मोठी मुलगी नववीत होती. ग्लेन वेव्हर्लीत दोन खोल्यांचे जुने युनिट घेतले. मुलगा तीन वर्षे बाहेरच्या खोलीत पुस्तकांच्या कपाटाआड झोपला. पाहुणे आले की त्याची गादी गुंडाळून बाल्कनीत जायची. तेव्हा नातेवाइकांनीही हेच विचारले होते की, एवढ्या भाड्यात दुसरीकडे अंगण मिळाले असते, मग हा अट्टहास कशासाठी.

अंगणवेलताई प्राथमिक शाळेबद्दल बोलत आहेत आणि तिथपर्यंत त्यांचे म्हणणे बरोबर असेलही. खरा फरक अकरावी-बारावीत, म्हणजे व्हिक्टोरिया राज्याच्या बारावीच्या प्रमाणपत्राला, व्हीसीईला, पडतो. मोठ्या आणि अभ्यासू शाळेत स्पेशालिस्ट मॅथ्स किंवा फिजिक्स घेणारी मुले दरवर्षी भरपूर असतात, त्यामुळे तो वर्ग भरतोच. जिथे चार-पाचच मुले तो विषय मागतात, तिथे वर्ग चालवणे शाळेला परवडत नाही आणि मुलाला तोच विषय व्हर्च्युअल स्कूल व्हिक्टोरिया या ऑनलाइन सरकारी शाळेतून पडद्यासमोर बसून करावा लागतो. आपल्याच एका ओळखीच्या मुलाने तसे केले आणि वर्षभर शंका विचारायला त्याच्या बाजूला कोणीही नव्हते. वाचनाच्या वहीतली ओळ मौल्यवान आहे, पण सतराव्या वर्षी मुलाला बाजूच्या बाकावर तोच विषय झगडून शिकणारा मित्र लागतो.

शिवाय झोनचा नियम स्पष्ट आहे. कायमचा पत्ता झोनमध्ये असेल तर त्या सरकारी शाळेत जागेचा हक्क मिळतो. बाहेर राहून विनंती केली तर आधी झोनमधली मुले, मग त्याच पत्त्यावर राहणारी आणि शाळेत शिकत असलेल्या मुलांची भावंडे, मग अंतर. गर्दीच्या शाळेत तिसऱ्या पायरीपर्यंत जागा उरत नाही. म्हणून ‘आधी कुठेही राहू, मग बघू’ हा सल्ला घातक आहे.

रेल्वेप्रवासी

शाळेचा विषय चालू आहे हे ठाऊक आहे, तरी पश्चिमेचे गुणगान वाचून राहवले नाही. अंगणवेल साडेपाचला घरी पोहोचतात, कारण त्यांचे कार्यालय बहुधा पश्चिमेलाच असावे. टार्नीटचे स्थानक २०१५ मध्ये उघडले, पण आजही तिथून डिझेलवर चालणारी प्रादेशिक गाडीच पकडावी लागते आणि ती गाव-गाव करत आधीच भरून आलेली असते. मी मागच्या हिवाळ्यात दोन गाड्या सोडून तिसरीत चढलो आहे. पॉइंट कुकला तर स्वतःचे स्थानकच नाही. तिथल्यांनी विल्यम्स लँडिंगच्या वाहनतळासाठी पहाटे उठायचे. वेस्ट गेट पुलावर अडकलेल्या बापाने शाळा सुटल्यावर मुले सांभाळणाऱ्या ‘आफ्टर केअर’मधल्या बाईंना सहा वाजता फोन करून क्षमा मागायची, ही रोजची गोष्ट आहे. घरी वेळेवर पोहोचणे हा जर शाळेइतकाच महत्त्वाचा निकष असेल, तर त्याच निकषावर पश्चिम उपनगरे नापास होतात.

अंगणवेल

माझे कार्यालय लॅव्हर्टनला आहे, हे खरे, आणि ते मी आधीच लिहायला हवे होते. ज्यांची नोकरी शहरात आहे त्यांच्यासाठी माझा हिशोब उलटतो, हे मला मान्य करावे लागेल.

व्हीसीईच्या विषयांचा मुद्दाही मी उडवून लावत नाही. उलट त्यात भर घालते. पॉइंट कुकमध्ये अनेक सरकारी शाळा नववीपर्यंतच आहेत आणि दहावीला मुलांना दुसऱ्या शाळेत जावे लागते, हे घर घेताना कोणी सांगत नाही. बारा वर्षांच्या मुलीला सातवीत एक शाळा आणि तीन वर्षांनी दुसरी, असे दोन वेळा रुजावे लागेल. पण म्हणून ‘बळी दिला’?

दुपारचा_चहा

एवढा वाद घालण्यापूर्वी सिलेक्टिव्ह शाळांचा विचार कोणीच का केला नाही? व्हिक्टोरियात प्रवेश परीक्षेच्या अशा सरकारी शाळा चार आहेत : मेलबर्न हाय, मॅक रॉबर्टसन गर्ल्स, बेरविकची नोसल आणि वेरिबीची सुझॅन कोरी. यांना झोन नाही. आठवीत असताना परीक्षा द्यायची आणि नववीत प्रवेश घ्यायचा. सुझॅन कोरी तर पश्चिमेलाच आहे, २०११ पासून.

आणि इथे एक गोष्ट पूर्वेकडच्या पालकांना उशिरा कळते. एका शाळेतून तिच्या आठवीच्या पटाच्या साधारण पाच टक्केच मुलांना या चार शाळांत घेतात. जिथे अर्धा वर्ग चौथीपासून शिकवणीला जातो, त्या नामांकित शाळेत तुमच्या मुलाला आधी स्वतःच्या वर्गमित्रांना मागे टाकावे लागते. टार्नीटच्या शाळेतून तोच मुलगा कदाचित सहज वरच्या पाच टक्क्यांत आला असता. म्हणजे ज्या झोनसाठी जास्तीचे भाडे मोजले, तोच झोन आडवा येतो.

गिरिस्थान

म्हणजे मुलाला मुद्दाम कमी स्पर्धेच्या शाळेत घालायचे, शनिवार-रविवार शिकवणीत जुंपायचे आणि नववीत तिथून काढून घ्यायचे? शाळा म्हणजे परीक्षेला बसण्याचा पत्ता नव्हे. आपण भारतातून जे सोडून आलो, तेच इथे डब्यात भरून आणले आहे. दहा वर्षांची मुले रविवारी सकाळी नऊ ते एक सराव चाचण्या देतात आणि दुपारी वाढदिवसाला पेंगतात.

दुपारचा_चहा

ज्यांच्या मुलांना प्रवेश मिळाला नाही, तेच पुढे शिकवणीला नावे ठेवतात, हा माझा अनुभव आहे. माझ्या मुलीने दीड वर्ष मेहनत केली, आम्ही दर रविवारी चाळीस मिनिटे गाडी चालवली आणि आज ती मॅक रॉबर्टसनमध्ये आनंदात आहे. तिच्या कष्टांना ‘जुंपणे’ म्हणू नये.

गिरिस्थान

माझ्या मुलाने परीक्षा दिली होती आणि त्याला जागा मिळाली नाही, हे खरे आहे. निकालाचा ई-मेल त्याने आमच्या आधी उघडला आणि कपाटाआड जाऊन पडून राहिला. त्या संध्याकाळी तो जेवला नाही. दोन वर्षे शिकवणीला आम्हीच पाठवले होते, म्हणून मी हे लिहितो आहे. आपल्या मुलीच्या कष्टांविषयी मला आदर आहे, पण माझ्या मुलाचे नाव न घेता त्याच्यावर बोट ठेवण्याची गरज नव्हती.

दुपारचा_चहा

मला हे ठाऊक नव्हते. वाक्य मागे घेते. शिकवणीबद्दलचे मत मात्र मागे घेत नाही. इंग्रजी निबंध वेळ लावून लिहिणे मुलीला शाळेत कोणी शिकवले नसते. आपल्याला दुसरा मार्ग नाही. नामांकित खाजगी शाळांत बारावीची फी ४० हजार डॉलरच्या वर जाते आणि कॅथलिक शाळांत पहिला मान पॅरिशमधल्या, म्हणजे त्या चर्चच्या हद्दीतल्या, कुटुंबांचा असतो.

शाळामास्तरीण

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले. कराडजवळच्या गावात तिसरी आणि चौथी एकाच खोलीत शिकवली. सध्या मुलाकडे पॉइंट कुकला सहा महिने आहे.

अंगणवेल, तुमच्या बाईंची वही वाचून मला बरे वाटले, तरीही मला गिरिस्थान यांची बाजू घ्यावीशी वाटते. माझ्या गावातली हुशार मुले सातवीनंतर कराडला खोली घेऊन राहायची. आई पोळ्या करायला सोबत, बाप गावी शेतावर. तेव्हा मी त्या आयांना म्हणायचे, ‘गावातली शाळा काय वाईट आहे?’ पुढे त्या मुलांना प्रयोगशाळा मिळाली, इंग्रजीला वेगळे शिक्षक मिळाले आणि त्यांच्याइतकीच हुशार जी मुले गावात राहिली, ती मागे पडली. त्यांत माझे अगदी आवडते विद्यार्थी होते. जागेने फरक पडतो, हे मला स्वतःच्या शाळेविरुद्ध मान्य करावे लागले.

पण ती बिऱ्हाडे सातवीनंतर हलली, पहिलीला नव्हे. सात वर्षांच्या मुलासाठी आज झोनची चिंता करण्याचे कारण मला दिसत नाही. त्याला शेजारी खेळायला कोणी आहे का, एवढे बघा. माझा नातू इथे आला तेव्हा दीड महिना वर्गात बोलला नव्हता. समोरच्या घरातल्या मुलाबरोबर कुंपणावरून चेंडू फेकता-फेकता तो इंग्रजी बोलू लागला.

अंगणवेल

बाई, तुमच्यापुढे वाद घालणे मला जड जाते. मुलांच्या वयाप्रमाणे उत्तर बदलते, हे मी मूळ लेखात लिहिले नाही, ही माझी चूक. माझी मुले नऊ आणि सहा वर्षांची आहेत, त्यामुळे माझा अनुभव तेवढाच आहे. मोठा सातवीला जाईल तेव्हा मी टार्नीटमध्येच असेन, असे आज छातीठोकपणे सांगू शकत नाही. तरी चार खोल्यांसाठी मी कोणाचा बळी दिला, हे मला अजूनही कोणी दाखवून दिलेले नाही.

गिरिस्थान

‘बळी’ हा शब्द मागे घेतो. त्याऐवजी ‘जोखीम’ म्हणतो आणि त्यावर ठाम राहतो.

नव्या_गावी

मूळ प्रश्न माझा होता. सर्वांचे वाचून काढले, काही उत्तरे बायकोला मोठ्याने वाचून दाखवली.

एक गोष्ट कोणी लिहिली नव्हती, ती आम्हाला काल कळली. इथे पुण्यात जूनपासून मुलीची अर्धी सातवी झालेली आहे, पण तिथे वर्ष जानेवारीच्या अखेरीस सुरू होते आणि वयानुसार तिला पुन्हा सातवीतच बसावे लागेल. आधी फार वाईट वाटले, अर्धे वर्ष फुकट गेले म्हणून. आता वाटते की नवी भाषा आणि नव्या मैत्रिणी यांसाठी तेवढा अवधी तिला मिळेल, आणि सिलेक्टिव्हची परीक्षा द्यायची असेल तर आठवीच्या जूनपर्यंत जवळजवळ दीड वर्ष हाती राहील. द्यायची की नाही, हे तिला विचारून ठरवू.

माझे कार्यालय शहरात डॉकलंड्सला आहे, म्हणजे रेल्वेप्रवासी यांचा अनुभव मला लागू पडतो. सध्या असे ठरवले आहे की पहिले वर्ष घर विकत घ्यायचे नाही. मुलीच्या शाळेचा झोन आधी पाहायचा, तोही राज्य शासनाच्या फाइंड माय स्कूलच्या नकाशावर पत्ता घालून, दलालाच्या तोंडी शब्दावर नाही. त्याच पत्त्यापासून मुलाची प्राथमिक शाळा चालत जाण्याच्या अंतरावर हवी. गिरिस्थान, दोन खोल्यांच्या जागेची आमची तयारी आहे, फक्त मुलगी म्हणते की कपाटाआड ती झोपणार नाही, भावाला झोपवा.

ओकलीच्या बाजूला कोणी राहते का? तिथल्या एका प्राथमिक शाळेला भेटीसाठी ई-मेल केला आहे. भेटीत वर्गशिक्षिकांशी बोलू देतात की फक्त मुख्याध्यापकच आवार दाखवतात, हे जाणून घ्यायचे होते.