बर्फात एकटा माणूस, पण कॅमेरा कोणी धरलाय?

गिरगावकर: जेजे कलाशाळेत शिकणाऱ्या भाचीने एक व्हिडिओ आर्ट दाखवलं, गिडो व्हान डर वेर्व्हे या डच आर्टिस्टचं, २००७ चं काम. फिनलंडजवळ बॉथनियाचं आखात गोठलंय, त्यावर हा माणूस चालतोय आणि पाठीमागे थोड्याच अंतरावर अवाढव्य आइसब्रेकर जहाज बर्फ फोडत येतंय, दहाएक मिनिटं बस एवढंच. मी पार हललो. भाची म्हणते, कॅमेरावाला आहे, जहाजावर अख्खा क्रू आहे, मग हा एकटा कसला? मला उत्तरच देता येईना, तुम्हाला काय वाटतं?

सई_दादर: क्रू असला तरी त्या बर्फावर पाय त्याचेच आहेत ना. त्याचंच त्याच वर्षीचं दुसरं काम बघा, उत्तर ध्रुवावर तो २४ तास उभा राहिला आणि पृथ्वी फिरते त्याच्या उलट हळूहळू वळत राहिला, म्हणजे तेवढा एक दिवस तो जगाबरोबर फिरलाच नाही! आपण मुंबईत बसल्या जागी ताशी साधारण १५८० किमीने फिरतोय, ध्रुवावर तो वेग शून्य, म्हणून हे फक्त तिथेच जमतं. मोबाईलवर नका बघू प्लीज, मोठ्या पडद्यावर बघा, माणूस केवढासा आहे ते तेव्हा कळतं.

निख्या_पार्ले: भाचीचा मुद्दा मला पटतो. ध्रुवावरचा एकटा वीर ही गोष्टच अर्धवट सांगितली जाते. १९०९ मध्ये अमेरिकन शोधमोहिमवाला रॉबर्ट पिअरीने उत्तर ध्रुव गाठल्याचा दावा केला तेव्हा सोबत मॅथ्यू हेन्सन हा कृष्णवर्णीय साथीदार होता, शिवाय चार इनुइट, म्हणजे तिथल्या बर्फाळ प्रदेशातले मूळ रहिवासी, पण नाव गाजलं एकट्या पिअरीचं. आयझॅक ज्युलियन या ब्रिटिश आर्टिस्टने २००४ मध्ये हेन्सनवरच 'ट्रू नॉर्थ' हे व्हिडिओचं काम केलं, बर्फात चालणारी एक कृष्णवर्णीय बाई दिसते त्यात. तिथला एकटेपणा वेगळाच, सोबत असून मोजलं न जाण्याचा, आणि मला तो जास्त लागतो.

मुलुंडची_वहिनी: माझे दीर अंटार्क्टिकात आपल्या मैत्री या संशोधन स्टेशनवर विंटरिंगला, म्हणजे हिवाळाभराच्या मुक्कामाला होते. तिथे मे अखेरपासून जवळजवळ दोन महिने सूर्य उगवत नाही, हिवाळाभर जहाज नाही की विमान नाही. ते म्हणायचे, वहिनी, बाहेरच्या बर्फात एकटं नाही वाटत, आत रोज तीच माणसं, सगळ्यांच्या सगळ्या गोष्टी सांगून संपलेल्या, कोणी काही बोलत नाही, तेव्हा वाटतं. कुणीतरी त्या जेवणाच्या टेबलाचा व्हिडिओ करायला हवा, भाचीला सांगा.